कडुनिंबाखाली जोडलेली मोटार

लग्न होऊन मी भोकरहून नांदेडला आले तेव्हा सासरच्या अंगणात कडुनिंबाखाली मोटारीचा सांगाडा उभा होता. लोखंडाच्या दोन लांब पट्ट्या, चार चाकं, पुढच्या बाजूला इंजिन, बाकी सगळं उघडं. बसायला जागा नाही, दार नाही, टप नाही. एका अंमलदाराची मोटार गवताच्या गंजीशेजारी उभी असताना जळाली होती. वरचं लाकूड आणि कापड गेलं, खालचं लोखंड राहिलं. पुढं त्या अंमलदाराची बदली झाली, ते लोखंड हर्रासात, म्हणजे लिलावात, निघालं आणि माझ्या सासऱ्यांनी ते घेतलं.

सासरे वकील होते. अदालतीचं काम तेव्हा उर्दूत चालायचं, ते त्यांना पाण्यासारखं यायचं. इंग्रजीही चांगलं होतं. पण मोटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं. ते कळायचं त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या यजमानांना. त्यांना सासऱ्यांनी वकिली शिकायला हैदराबादला ठेवलं होतं. तिथं शिक्षण अर्धवट टाकून ते मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात कामाला लागले. वकिलाचा मुलगा कपडे काळे करून मोटारीखाली झोपतो, हे कानावर आलं त्या दिवसापासून सासरे त्यांच्याशी बोलायचे थांबले. सासूबाई गेल्या तेव्हा यजमान येऊन सगळं करून परत गेले, त्या दिवसांतही दोघांत एक शब्द झाला नाही म्हणे.

मग सासऱ्यांनी हा सांगाडा घेतला. कशाला घेतला ते कुणालाच सांगितलं नाही. दिवाळीला यजमान आले, सांगाड्याभोवती फिरले, धोतर खोचून खाली वाकले आणि नंतर हैदराबादला गेलेच नाहीत. कुणी राहा म्हटलं नव्हतं, कुणी जा म्हटलं नव्हतं. माझं लग्न लातूरच्या माझ्या नणंदेनं जमवलं. घरात बाई नव्हती म्हणून.

मला हे काहीच ठाऊक नव्हतं. त्या काळी मुलगा बापासमोर फार बोलायचा नाही, त्यामुळं लग्नातही मला काही वावगं दिसलं नाही. एका संध्याकाळी मी ओसरीवर डाळ निवडत बसले होते. सासरे खुर्चीत. समोर, चार हातांवर, यजमान एका लाकडी खोक्याचे खिळे उपटत होते. जळालेल्या भागांच्या जागी लागणारं सामान असं खोक्यांतून रेल्वेनं यायचं.

सासरे म्हणाले, "सूनबाई, तुझ्या नवऱ्याला विचार, हे खोकं कशाचं आलंय?"

मला वाटलं, यजमानांना कमी ऐकू येत असेल आणि हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नसेल. मी पदर सावरून मोठ्यानं म्हटलं, "मामंजी विचारून राहिलेत, हे खोकं कशाचं?"

"ओरडतीस कशाला? बाबांना सांग, गिअरचं."

"गिअरचं आहे म्हणे."

"गिअर म्हणजे काय, विचार त्याला."

मी यजमानांकडं वळले. त्यांनी हातातली पक्कड खाली ठेवली आणि मला गिअर म्हणजे काय ते नीट समजावून सांगितलं. लहान चाक, मोठं चाक, चढावर काय होतं, सपाटीवर काय होतं. सासरे वर्तमानपत्र धरून बसले होते, पण डोळे एका जागी होते. सांगून झाल्यावर यजमान म्हणाले, "आता बाबांना सांग."

मी पुन्हा सगळं सांगितलं. जिथं अडखळले तिथं यजमान खोक्याकडं बघत हळूच शब्द पुरवायचे, तो मी पुढं सरकवायची. सासऱ्यांनी मान हलवली. "हां. आलं ध्यानात."

असं ते सुरू झालं. सामानाबरोबर जोडणीचे कागद यायचे, ते इंग्रजीत. यजमानांना हातानं सगळं येई, पण कागद वाचायचा कंटाळा. सासऱ्यांना कागद वाचल्याशिवाय चैन नाही. ते कागदावरचं इंग्रजी मराठीत करून मला सांगायचे, मी अंगणात जाऊन यजमानांना सांगायची, ते काही उलट विचारायचे, मी ओसरीवर यायची. हातात कधी लाटणं, कधी केरसुणी. भोकरला मराठी चार इयत्ता शिकलेली मी, मला ब्रेकची कांडी कुठं जाते, चाकांवरच्या कमानपाट्यांना कधी तेल द्यायचं, कार्बुरेटरमध्ये काय काय मिसळतं, सगळं तोंडपाठ झालं. ह्या कानांनी ऐकलेलंही मीच आणि ह्या तोंडानं बोललेलंही मीच. विसरणार कसं?

निरोप मी जसाच्या तसा मात्र कधी दिला नाही. सासरे म्हणायचे, "त्याला म्हणावं, एवढी वर्षं हैदराबादेत हेच शिकलास काय?" मी अंगणात जाऊन म्हणायची, "मामंजी विचारतात, हैदराबादेत असंच करतात का?" यजमान म्हणायचे, "बाबांना सांग, वकिलांनी कागद वाचावेत, पाना धरू नये." मी ओसरीवर सांगायची, "ते म्हणतात तुम्ही हात काळे करू नका, ते करतील." सासरे माझ्याकडं चष्म्यावरून बघायचे. त्यांनी जन्मभर साक्षीदार तपासलेले. मी काय गाळलं ते त्यांना कळत असणार, पण त्यांनी कधी उलटतपासणी घेतली नाही.

शेजारच्या बायका विचारायच्या, "तुमच्या घरात सारखं इकडून तिकडं काय चालू असतं गं?" मी म्हणायची, "मोटार जोडून राहिलोत." त्या हसायच्या. त्या अंगणातून मोटार कधी बाहेर पडेल, असं कुणालाच वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही.

पुढं कामाची वाटणी झाली. इंजिन, चाकं, ब्रेक हे यजमानांचं, अंगणात. वरचं लाकडी काम, म्हणजे बसायच्या जागा, दारं, टपाची चौकट, हे सासऱ्यांचं, मागच्या पडवीत. किनवटकडून सागवान आणलं, सुतार लावला. सासरे अदालतीतून आले की काळा कोट खुंटीला टांगून पडवीत जायचे आणि सुतारासमोर कागद धरून उभे राहायचे. सांगाड्याची मापं त्यांनी मलाच घ्यायला लावली होती. मी दोरीला गाठी मारून मापं घेतली आणि ती दोरी पडवीत खिळ्याला अडकवली.

त्याच सुमारास मला दिवस गेले आणि पाऊसकाळात मी बाळंतपणाला माहेरी भोकरला आले. निघताना दोघंही स्टेशनवर आले होते. सासरे डब्याच्या एका खिडकीशी, यजमान दुसऱ्या. सासरे म्हणाले, "सांभाळून राहा. आणि त्याला सांग, दाराच्या बिजागऱ्या आणून ठेव." मी दुसऱ्या खिडकीशी जाऊन सांगितलं. गाडी हलली. तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं, आता ही दोघं काय करतील?

भोकरला मुलगी झाली. आईजवळ राहून, अंगाला तेल लावून घेऊन, शेकून, खाऊन मी सुस्तावले. यजमान मुलीला बघायला एकदा येऊन गेले. मोटारीचं विचारलं तर "होतंय," एवढंच म्हणाले. हवेत गारवा आला तेव्हा मुलीला दुपट्यात गुंडाळून मी नांदेडला परतले.

घरी पोचले तर अंगणात गर्दी. नेमकं त्याच दिवशी लाकडी साटा, म्हणजे मोटारीचा वरचा सगळा भाग, सांगाड्यावर चढवायचं ठरलं होतं. सुतार, त्याचे भाऊ, गल्लीतली दोन माणसं, सगळ्यांनी मिळून तो पडवीतून उचलून आणला. काय देखणा झाला होता! सागाचा रंग तसाच ठेवून वर तेल दिलेलं, दारांना पितळी कड्या, पुढच्या फळीला मोटार वळवायच्या चक्राचा दांडा यायला गोल भोक. माणसांनी "हां, हां, हळू" करत तो सांगाड्यावर टेकवला.

आणि तो बसेना. मागून बरोबर आला, पण पुढची फळी इंजिनावर चढली. दांडा भोकातून निघायच्या ऐवजी त्याच्या पलीकडून, थेट बसायच्या जागेत आला. सासऱ्यांना ते पटेना. ते वर चढून पुढच्या जागेवर बसायला गेले, तर चक्र त्यांच्या पोटाला लागलं. ते तसेच पोट आत ओढून बसले होते. गल्लीतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. सुतार म्हणाला, "दोरीपरमानं केलंय, वकीलसाहेब. दोरीत फरक न्हाई."

दोरीत फरक नव्हताच. मी गेल्यावर यजमानांना सांगाड्याच्या पुढच्या टोकाला, इंजिन बसतं तिथं, चीर सापडली होती. आगीत लोखंड तापून थंड झालं तेव्हाची असेल. त्यांनी तिथं जाड पट्टी ठोकली आणि इंजिन वीतभर मागं घेतलं. त्याबरोबर चक्रही मागं आलं. अंगणात हे झालं आणि पडवीत कुणाला कळलं नाही. दोन्हींच्या मधे एक स्वयंपाकघर होतं आणि त्यात कुणी नव्हतं.

सासरे मोटारीतून माझ्याकडं बघायला लागले. यजमान चाकाशी उभं राहून माझ्याकडं बघायला लागले. मी अजून पायावर पाणीसुद्धा घेतलेलं नव्हतं. मुलगी उठली होती, ओली झाली होती आणि भुकेनं टाहो फोडत होती.

"सूनबाई," सासरे म्हणाले, "त्याला विचार..."

"मामंजी, पोरगी रडून राहिली," मी म्हटलं. "मी आत जाते. तुमचं तुम्ही बघा."

आणि मी आत गेले. पुढं नात्यातल्या बायका सांगायच्या की मी मोठी हुशारी केली, मुद्दामच आत गेले. तसं काही नव्हतं. मुलीला पाजायचं होतं, एवढंच. स्वयंपाकघरात पाटावर बसले आणि मग माझ्या ध्यानात आलं. सासऱ्यांना, तेही गल्लीतल्या लोकांसमोर, "तुमचं तुम्ही बघा" म्हटलं होतं मी.

माणसं पांगल्याची चाहूल लागली. मग सासऱ्यांचा आवाज आला, अदालतीत बोलावं तसा कोरडा.

"इंजिन मागं कधी घेतलंस?"

मी मुलीला घट्ट धरलं. यजमान म्हणाले, "पोळ्याच्या आधी."

"का?"

"चीर होती. इथं. या, बघा."

लाकडावरून कुणीतरी उतरल्याचा आवाज. मग पुन्हा सासरे. "मला सांगायचं नाही होय?"

"कुणाकडून सांगू? ही घरी नव्हती."

सासरे हसले. आधी नाकातून, मग मोठ्यानं. त्यांना मी तसं हसताना कधी ऐकलं नव्हतं. यजमान हसले नाहीत. ते म्हणाले, "फळी कापावी लागेल, बाबा." सासरे म्हणाले, "फळी नाही कापायची. पुढची जागा मागं सरकव." आणि तिथं, पहिल्याच दिवशी, त्यांचं भांडण जुंपलं. पाणी पिऊन पिऊन भांडले. मी मुलीला झोपवून चहा घेऊन गेले तर दोघांनी न बघताच कप उचलले.

शेवटी थोडी फळी कापली आणि थोडी जागा सरकवली. त्यानंतर अंगणात दोघांचे आवाज दिवसभर चढलेले असायचे. सासरे अदालतीत अशिलांना ताटकळत ठेवून लवकर घरी यायला लागले. मला बरं वाटायचं, नाही असं नाही. पण कधी कधी डाळ निवडताना माझे कान आपोआप टवकारायचे, आता मला हाक येईल म्हणून. हाक यायची नाही. एकदा यजमानांनी चाकात काहीतरी नवीन बसवलं आणि मी विचारलं, "हे काय?" तर म्हणाले, "तुला काय करायचंय?" सहज म्हणाले. मला मात्र ते लागलं. वर्षभराआधी त्यांनी मला ते पक्कड खाली ठेवून सांगितलं असतं.

मग मी गाद्या माझ्याकडं घेतल्या. मोटारीच्या बसायच्या गाद्या. सासरे म्हणाले कापूस भर, यजमान म्हणाले काथ्या भर. मी दोघांचं ऐकून घेतलं आणि खाली काथ्या, वर कापूस अशा भरल्या. सतरंजीच्या जाड दोऱ्यानं टाके घातले. बोटांना फोड आले, पण त्या गाद्यांना कुणी नाव ठेवलं नाही.

मोटार सुरू झाली तो दिवस मला जसा आठवायला हवा तसा आठवत नाही. पुष्कळदा ती सुरू होऊन बंद पडली होती, त्यातली खरी कुठली? एवढं आठवतं की एका सकाळी ती फाटकातून बाहेर गेली, गल्लीच्या टोकाला दिसेनाशी झाली आणि बऱ्याच वेळानं दुसऱ्या बाजूनं परत आली. दोघांच्या तोंडावर धुरळा. "होळीपर्यंत लातूरला जाऊन येऊ," सासरे म्हणाले.

तसे गेलोही. यजमान चालवायला, शेजारी सासरे, मागं मी आणि मुलगी, पायाशी पाण्याची घागर. लोहा गाव मागं पडेपर्यंत रस्ता बरा होता. पुढं नुसती बैलगाडीची चाकोरी. मोटार बैलांपेक्षा फार पळत होती असं नाही. गावं आली की माणसं रस्त्यावर यायची, म्हातारे विचारायचे, "कुण्या साहेबाची हाय?" सासरे म्हणायचे, "आमचीच हाय. घरी केली." ते कुणाला खरं वाटायचं नाही. इंजिन तापलं की थांबायचं, विहिरीवरून पाणी आणून टाकीत ओतायचं, तोवर दोघं झाडाखाली वाद घालायचे. अहमदपूरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी लातूरला पोचलो.

नणंद दारात आली. तिनं आधी मोटार बघितली आणि मग बाप-लेक बोलत बोलत पायऱ्या चढताना बघितले. ती तशीच दाराला धरून उभी राहिली.

दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसलो होतो. ती म्हणाली, "तुला माहीत आहे का, बाबा एकदा हैदराबादला जाऊन आले होते?"

"मुकदम्यासाठी ना? नेहमीच जातात."

"तसं नव्हे. त्याला बघायला. आई गेल्यावर. कारखान्यासमोर रस्त्याच्या पलीकडं उभे राहिले. हा मोटारीखाली उताणा पडून काम करत होता. नुसते पाय दिसत होते म्हणे. बाबा तसेच उभे राहिले आणि परत आले. परस्पर इकडं माझ्याकडं आले. जेवताना मला विचारतात, पोरी, मोटारीला खालून असं काय असतं गं? मी काय सांगणार! पुढं सहा महिन्यांत तो सांगाडा घेतला."

एवढे दिवस दोघांचे निरोप मी नेले-आणले, पण हा कुणी माझ्याकडं दिला नव्हता. द्यावा की नाही, कळेना. नणंदेनंही "सांगू नकोस" असं काही म्हटलं नाही.

परतीच्या वाटेवर उन्हं चढल्यावर सासरे म्हणाले, "सूनबाई, तू पुढं बस. मी पोरीला घेऊन मागं पडतो." मी पहिल्यांदाच पुढं बसले. समोर सगळा रस्ता. दोन्ही बाजूंना कापणी झालेली ज्वारीची रानं, कडब्याच्या गंजी. मागं वळून बघितलं तर सासरे झोपले होते, मुलगी त्यांच्या पोटावर झोपली होती.

मला राहवलं नाही. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. यावेळी काही गाळलं नाही.

यजमान चालवत राहिले. एक बैलगाडी आडवी आली, ती जाऊ दिली. मग म्हणाले, "मला माहीत आहे."

"कसं?"

"मोटारीखालून रस्ता दिसतो. पलीकडं बाबांचे जोडे दिसले. त्यांची टाच एका बाजूनं झिजते. लहानपणी मीच ते दुरुस्तीला न्यायचो."

"मग बाहेर का नाही आलात?"

"वाटलं, ते येतील इकडं," ते म्हणाले. "आणि अंगभर तेल होतं." थोडं पुढं गेल्यावर पुन्हा म्हणाले, "काम तर केव्हाच झालं होतं. जोडे हलेपर्यंत मी तसाच पडून होतो."

मागं मुलगी कुरकुरली, सासऱ्यांनी झोपेतच तिला थोपटलं.

ती मोटार पुढं फार वर्षं चालली नाही. लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेनासं झालं, मग ती कडुनिंबाखाली तशीच उभी राहिली. निझामी राजवटीच्या शेवटच्या वर्षी आम्ही घर बंद करून संस्थानाच्या सरहद्दीपलीकडं नातेवाइकांकडं गेलो. परत आलो तेव्हा चाकं आणि इंजिन कुणीतरी नेलं होतं. साटा होता, त्यात शेजाऱ्यांनी शेणी रचल्या होत्या. सासऱ्यांनी बघितलं आणि म्हणाले, "बरं झालं, निदान कामी तरी आला."

नंतर यजमानांना सरकारी बसच्या कारखान्यात काम मिळालं. ते घरी आले की सासरे ओसरीवर वाट बघत असायचे. आज कुठली बस आली, तिला काय झालं होतं, का झालं होतं. वकिली प्रश्न, एकातून दुसरा. यजमान हातपाय धुवायच्या आधी पायरीवर बसून सगळं सांगायचे, तेलकट बोटांनी फरशीवर आकृत्या काढून. त्या मला सकाळी पुसाव्या लागायच्या. काय बोलायचे ते आता मला सांगता येणार नाही, कारण तेव्हा मी आत भाकऱ्या करत असायची आणि तव्याजवळ बाहेरचं धड ऐकू यायचं नाही.